निजलेलं कापड

आमच्या कारखान्यात कामाच्या वेळेत निजायची मुभा फक्त कापडाला होती. माणसाला डुलकी लागली तर त्याचा अर्धा दिवस कापला जाई. कापड मात्र चोवीस तास फळीवर ऐसपैस पसरलेलं असे आणि त्याला कुणी उठवत नसे. उठवायचं नाही, असा कटिंगवाल्या मामांचा दंडकच होता.

नवख्या माणसाला ही गंमत कळायची नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. आम्ही टी-शर्ट बनवायचो. त्याचं कापड विणीचं, ओढलं की लांबणारं. गिरणीतून तागे येत ते यंत्रावर आवळून गुंडाळलेले, म्हणजे कापड मुळातच ताणलेलं. ते तसंच कापून शिवलं, तर पहिल्या धुण्याला आपल्या मूळ मापावर जातं आणि घालणाऱ्याची बेंबी जगाला दिसायला लागते. म्हणून तागा उलगडायचा, सैलसर घड्या घालून फळीवर ठेवायचा आणि एक दिवस, एक रात्र त्याच्या वाटेला जायचं नाही. तेवढ्यात ते आपलं आपण आखडून घेतं. याला आमच्याकडे ‘कापड निजवणं’ म्हणत. कापण्याचं टेबल आणि निजवण्याच्या फळ्या शेजारी शेजारी होत्या, आणि त्या दोन्हींवर मामांचं राज्य होतं.

ताग्यांचं भांडार माझ्याकडे. भांडारवाल्याला दोन कामं असतात, माल पुरवणं आणि बातम्या पुरवणं. दुसऱ्या कामात मी कधी खाडा केला नाही. त्यामुळे हे जे सांगतोय, त्यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं अशा माणसांकडून ऐकलेलं आहे ज्यांना माझ्याशी खोटं बोलून काही मिळणार नव्हतं.

मामांचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं. समोर सगळे ‘मामा’ म्हणत आणि पाठीमागे ‘पाव इंच’. कारण त्यांच्या मते जगातल्या झाडून सगळ्या वस्तू पाव इंचाने चुकलेल्या होत्या. फाटकाची कडी पाव इंच खाली, चहाचा ग्लास पाव इंच आखूड, माझ्या मिशीची डावी बाजू पाव इंच जास्त. मिशीचं मी घरी जाऊन आरशात पाहिलं. खरं होतं. मामी, म्हणजे त्यांची बायको, आमच्याच कारखान्यात इस्त्रीला होती. ती सांगायची, ‘लग्नानंतर हे माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते काय? तर म्हणे, डावी बाही पाव इंच मोठी शिवलीय. मी आपली वाट बघतेय, चेहऱ्याबद्दल काही बोलतील.’

टेबल तीस फुटी. एका टोकाला मामा आणि दुसऱ्या टोकाला अक्का. अक्का वयाने मामांपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण तिच्या चालण्या-बोलण्यात असं काही होतं की सगळ्यांचीच ती अक्का झाली. नवरा कधीचाच सोडून गेलेला, घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. कापडाचा एकेक थर टेबलावर अंथरायचा, एकावर एक असे ऐंशी थर, आणि त्यात एकही सुरकुती नको, एकही ताण नको. हे काम दोघं एकोणीस वर्षं करत होती. तोंडाने बोलायची गरज पडत नसे. अक्काने कापडाला हलका हिसका दिला की मामा थांबत आणि मामांनी दिला की अक्का सैल सोडी. एवढी जोडी जमल्यावर लोक बोलणारच. खोटं कशाला सांगू, थोडं मीही बोललो होतो. पण मामी आणि अक्का रोज मांडीला मांडी लावून जेवत, एकमेकींच्या डब्यात हात घालत. त्या बातमीला पाय कुठून फुटणार?

मग टिकटिक आला.

हा आमचा नवा मॅनेजर. तरणाताठा, गुळगुळीत दाढी, बोलणं मऊ. गळ्यात पोहायला शिकवणाऱ्या मास्तरासारखं स्टॉपवॉच. ते घेऊन तो शिलाईवाल्या बाईच्या पाठीशी येऊन उभा राही आणि बटण दाबी. आठवड्याच्या आत बायकांनी त्याचं बारसं उरकलं. टिकटिकने आधी इस्त्रीखात्यातली स्टुलं उचलून नेली, कारण उभ्या माणसाचा हात जास्त चालतो. मामीच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या. ती दुपारपासून एकेका पायावर भार टाकत, बगळ्यासारखी उभी राही. मग त्याने शिलाईच्या प्रत्येक रांगेला पत्र्याचा एकेक बिल्ला दिला. बाविसजणींत एक बिल्ला. तो गळ्यात घातल्याशिवाय मोरीकडे जायचं नाही, आणि पहिली परत आल्याशिवाय दुसरीने उठायचं नाही. एका बाईला थांबणं झालं नाही. तिने नापास मालातला एक टी-शर्ट कमरेला गुंडाळला आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसून कॉलर लावत राहिली. कुणाकुणाची टिंगल करणं हा आमचा जन्माचा धंदा, पण त्या दिवशी अख्ख्या कारखान्यात कुणी कुणाची टिंगल केली नाही.

फिरत फिरत तो एकदा फळ्यांपाशी आला.

‘‘हे काय आहे?’’

‘‘कापड, साहेब,’’ मामा म्हणाले.

‘‘ते दिसतंय. इथे काय करतंय?’’

‘‘निजलंय.’’

मागे कुणीतरी खुसखुसलं. टिकटिकने मागे पाहिलं नाही.

‘‘उठणार कधी?’’

‘‘उद्या अकराला.’’

‘‘परवा ऑर्डर भरायची आहे. आजच कापा.’’

‘‘आखडेल, साहेब.’’

‘‘तुम्ही किती वर्षं आहात इथे?’’

‘‘एकतीस.’’

‘‘एकतीस वर्षं कापड झोपवताय. तरीच कारखाना जागचा हलला नाही.’’

एवढं बोलून तो गेला. मामांनी हातात लोखंडी कड्यांचा मोजा चढवला, पुन्हा काढला, फळीवरच्या कापडावरून तळवा फिरवला. मग अक्काला म्हणाले, ‘‘घे टोक.’’

ऐंशी थर झाले. सगळ्यात वरच्या थरावर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूने रेघ मारायची आणि त्या रेघेवरून विजेची सुरी चालवायची, अशी रीत. मामा रेघ मारायला लागले आणि पलीकडच्या टोकाहून अक्का चालत आली.

‘‘मामा, खडू साच्याला सोडून चाललाय.’’

‘‘माहितेय.’’

‘‘किती?’’

‘‘पाव इंच. धुतल्यावर येईल मापात.’’

‘‘आखडू दे की एकदा. त्याचं त्याला कळू दे.’’

‘‘त्याला कळेल. पण घालणाऱ्याने काय पाप केलंय?’’

‘‘घालणारा तुमचा कोण लागतो?’’

‘‘कुणी नाही. पण गठ्ठ्यावर नंबर माझा असतो.’’

‘‘तुम्ही त्याची चूक रफू करताय, मामा,’’ अक्का म्हणाली आणि आपल्या टोकाला निघून गेली.

माल गेला. धुवून पाहिला, माप चोख. टिकटिकने वर कळवलं की कापड निजवण्याची ही जुनी समजूत त्याने मोडून काढली आहे आणि प्रत्येक ऑर्डरमागे एक दिवस वाचवला आहे. वरून प्रशस्तिपत्रक आलं. ते काचेत घालून त्याच्या खोलीत लागलं. दुसऱ्या दिवशी फळ्या भंगारात गेल्या आणि त्या जागी शिलाईची आठ नवी मशीन आली.

मामा माझ्याकडे खडूचा डबा न्यायला आले होते. म्हणाले, ‘‘मला वाटलं, तेवढ्या वेळेपुरतं आहे.’’

एखाद्या अडाण्याने ही चूक केली नसती. अडाण्याने हुकमाबरहुकूम कापलं असतं, टी-शर्ट आखडले असते, टिकटिकची नाचक्की झाली असती आणि फळ्या आपल्या जागी राहिल्या असत्या. ही चूक करायला हातात एकतीस वर्षांचं कसब लागतं. साहेबाचा वेडगळ हुकूम आपल्या हुशारीने निभावून न्यायचा, आणि मग तो हुकूमच शहाणपणाचा ठरतो. त्यानंतरच्या चार ऑर्डरी मामांनी अशाच निभावल्या.

पण पाव इंच काही हवेतून येत नाही. तागे जास्त लागायला लागले. टिकटिक भांडारात आला आणि विचारता झाला, ‘‘तेवढ्याच मालाला एवढे तागे कसे?’’ आता इथे मी गप्प बसलो असतो तर काही बिघडत नव्हतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जिभेला हाड नसतं, आणि माझ्या तर मुळीच नव्हतं. मी म्हणालो, ‘‘साहेब, झोपमोड झाली की कापडाची भूक वाढते. मामांना विचारा, त्यांचा खडू हल्ली ऐसपैस चालतो.’’

तो हसला नाही. टेप घेऊन सरळ टेबलाकडे गेला. पुढचं ऐकायला मिळावं म्हणून मी वही काखेत मारून मागोमाग. त्याने साचा ठेवला, रेघ मोजली.

‘‘हे काय?’’

‘‘पाव इंच जास्त, साहेब,’’ मामा म्हणाले. ‘‘पहिल्यापासून सोडतोय. म्हणून तर माप राहिलं. निजवल्याशिवाय कापड मापात राहत नाही. फळ्या परत द्या, मी साच्याला चिकटून कापतो.’’

टिकटिकने रेघ पुन्हा एकदा मोजली. त्याला कळलं होतं. हे मी शपथेवर सांगेन, कारण मी त्याच्यापासून चार हातांवर होतो आणि माणसाला एखादी गोष्ट कळली की त्याचा चेहरा कसा क्षणभर उघडा पडतो, ते मला ठाऊक आहे. पण प्रशस्तिपत्रक भिंतीवर लागलेलं होतं. ते उतरवायचं कसं?

‘‘यापुढे साच्याला चिकटून कापायचं,’’ तो म्हणाला. ‘‘रेघ एका दोऱ्याने बाहेर दिसली तर कापडचोरी धरीन.’’

‘‘लिहून द्या, साहेब.’’

‘‘मी तोंडाने सांगितलंय. तेवढं पुरे आहे.’’

पुढच्या ऑर्डरचे तीन हजार टी-शर्ट साच्याला चिकटून कापले गेले. महिन्याभराने ते सगळेच्या सगळे परत आले. पेट्यांवर पेट्या चढून माझ्या भांडाराची खिडकी झाकली गेली, भरदिवसा दिवा लावून बसावं लागे. माल घेणाऱ्यांनी कळवलं होतं की मोठ्या माणसाचा टी-शर्ट धुतल्यावर शाळकरी पोराच्या मापाचा होतोय. आठवड्याच्या आत लेखी खुलासा हवा, आणि त्यात जबाबदार माणसाचं नाव हवं.

नाव कुणाचं येणार, हे कारखान्यात सगळ्यांना कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत नळावर डबे विसळताना अक्काने मामांना गाठलं. मामी तिथेच होती आणि मीही होतो, माझा डबा धुऊन झाला होता तरी.

‘‘ते कागद काढतील,’’ अक्का म्हणाली. ‘‘आपण दोघांनी एकच बोलायचं. फळ्या कुणी नेल्या, पाव इंच कुणी बंद करवला. दोघं बोललो तर आसपासचे चाळीसजण तोंड उघडतील. एकटं कुणी बोललं तर नाही उघडणार.’’

‘‘मला चारचौघांत बोलता येत नाही,’’ मामा म्हणाले.

‘‘मग मी बोलते. मी सगळं सांगेन आणि तुमच्याकडे बघेन. तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणा.’’

‘‘तेवढं जमेल.’’

‘‘‘हो’ म्हणायची सवय आहे त्यांना,’’ मामी म्हणाली. ‘‘ऐकलेलं नसलं तरी म्हणतात.’’

तिघं हसली. ती तिघं एकत्र हसलेली मी पाहिली ती तेव्हाच, नंतर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याआधीच मामांना टिकटिकच्या खोलीत बोलावणं आलं. त्यांना बसायला खुर्ची दिली. एकतीस वर्षांत त्या खोलीत ते पहिल्यांदा बसले. टिकटिकसुद्धा त्यांना ‘मामा’च म्हणाला. तिथे काय झालं ते मामांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता खिडकीच्या गजाशी बोलावं तसं सांगितलं.

‘‘चूक कुणाची, या वादात आपण कशाला पडायचं, मामा?’’ टिकटिक म्हणाला. ‘‘कागदावर मी ‘निष्काळजीपणा’ लिहिलंय. ‘मुद्दाम’ लिहिलं असतं तर कुठल्याच कारखान्याने तुम्हाला फाटकातून आत घेतलं नसतं. टेबल सोडावं लागेल, पण पॅकिंगमध्ये तुमची सोय करतो.’’

मामांनी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला.

‘‘मामी इस्त्रीत आहेत ना? पायांचा फार त्रास आहे म्हणे. इस्त्रीतले सहाजण कमी करायचेत. यादी अजून केली नाही मी.’’

बस, एवढंच. आवाज चढला नाही, टेबलावर मूठ आपटली नाही. मामांनी खुर्ची मागे सारली, उठले आणि टेबलापाशी येऊन थर घालायला लागले. पलीकडच्या टोकाला अक्का होती. तिला सांगायला तीन तास होते त्यांच्याकडे. नाही सांगितलं.

अकराला टिकटिक कागद घेऊन कटिंगमध्ये आला. सगळ्यांसमोर सही झाली की पुन्हा कुणी काही म्हणायला नको, असा हिशेब असावा. कागदावर दोन जागा होत्या. एक मामांची आणि दुसरी साक्षीदार म्हणून अक्काची. पेन आधी अक्काच्या हातात गेलं.

‘‘वाचून करते,’’ अक्का म्हणाली.

‘‘वाचायची गरज नाही. त्यात तुमच्यावर काही नाही.’’

‘‘सही माझी लागते ना, साहेब? मग डोळेही माझेच लागतील.’’

अक्का चौथीपर्यंत शिकलेली. अक्षराखाली बोट धरून, एकेक शब्द सोडवत, मोठ्याने वाचायला लागली. शिलाईची जवळची मशीन एकामागून एक थांबली. ‘‘सदर... कामगाराने... कापडाला... आवश्यक ती... विश्रांती... न देता...’’

ती थांबली. पुन्हा बोट मागे नेऊन तेच वाचलं, आणि मान वर केली.

‘‘आवश्यक ती विश्रांती न देता. म्हणजे विश्रांती लागते, हे साहेबांना ठाऊक आहे. मग फळ्या भंगारात कुणी घातल्या, तेवढं लिहायचं राहिलं बघा. मामा पाव इंच सोडून माप राखत होते. ते कुणी बंद करवलं, तेही राहिलं. चोरी धरीन म्हणालात, साहेब, इथेच, या टेबलापाशी. आम्ही सगळे होतो.’’

कुणीतरी मागून हळूच ‘‘खरंय’’ म्हटलं. एकच आवाज, पण आला. टिकटिकच्या कानामागे लाली चढली. अजून दोन आवाज आले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढे पुष्कळ वेळा केला आहे.

अक्का मामांकडे वळली.

‘‘सांगा, मामा. हो म्हणा.’’

मामा टेबलाच्या कडेवरचा खडू बोटाने पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते. मग चालत अक्कापर्यंत आले. तिच्या हातातलं पेन त्यांनी इतक्या हळू काढून घेतलं की तिला आधी वाटलं, ते काही लिहून दाखवणार आहेत. त्यांनी वाकून सही केली. सही करताना तळहाताखाली कागद सरळ करून घेतला, जन्माची सवय.

 तो मघाचा ‘खरंय’वाला कोण होता, ते आजतागायत कळलेलं नाही. चाळीस माणसं आपापल्या मशीनच्या सुईकडे पाहत होती. माझं म्हणाल, तर माझ्या जिभेला त्या दिवशी नेमकं हाड फुटलं. मी वही उघडून पाहत उभा होतो. ते पान कोरं होतं.

‘वरिष्ठांवर खोटे आरोप’ असा शेरा मारून अक्काला दुपारच्या आत काढलं. तिने गळ्यातली दोरे कापायची कात्री काढून टेबलावर ठेवली, हातावरचा खडू झटकला आणि इस्त्रीखात्याच्या दारावरून न जाता, अंगणातून वळसा घालून फाटकाबाहेर गेली. मामी सुट्टीत दोन डबे उघडून बसली होती. तिला कुणीतरी जाऊन सांगितलं. तिने दोन्ही डबे जसेच्या तसे बंद केले.

त्या संध्याकाळचं मला मामीनेच सांगितलं. मामा घरी आले, पाय धुतले, आणि म्हणाले, ‘‘तुझ्यासाठी केलं.’’

‘‘मला विचारलंत?’’

‘‘यादीत घातलं असतं तुला.’’

‘‘घालू द्यायचं होतं. मला विचारलं असतं ना, तर मी तापलेली इस्त्री त्याच्या त्या प्रशस्तिपत्रकावर ठेवून घरी आले असते.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग दोन दिवस पाय वर करून पडले असते. किती महिने झाले मला बसून.’’

त्यानंतर मामी घरात कामापुरतं बोलू लागली. मामांना पॅकिंगमध्ये टाकलं. पेटीत टी-शर्ट मोजून भरायचे, झाकण मिटायचं, चिकटपट्टी ओढायची. कटिंगच्या टेबलावर दोन नवी माणसं आली. ती साच्याला चिकटून कापायची आणि तपासणीला धुवून पाहायचे नग टिकटिक आधीच बाजूला काढून, मापात राहतील तेवढेच निवडून द्यायचा. दोन महिन्यांनी इस्त्रीखात्याची यादी लागली. सहा नावं होती. मामीचं चौथं.

त्या दिवशी मामा अक्काच्या घरी गेले. मामी दर चार दिवसांनी जातच होती, मामांची मात्र पावलं त्या गल्लीत वळत नव्हती. एकच खोली, दार उघडं. अक्का जमिनीवर बसून दुसऱ्या कुठल्याशा कारखान्याच्या मालाचे दोरे कापत होती, पगार नगावर. तिची आई खाटेवर आडव्यानेच कापलेले नग घडी करून रचत होती.

‘‘कोण आलंय गं?’’ म्हातारीने विचारलं.

‘‘कारखान्यातलं कुणीतरी,’’ अक्का म्हणाली. पाट पुढे सरकवला आणि तांब्याभर पाणी दिलं.

‘‘मामीला काढलं,’’ मामा म्हणाले.

‘‘माहितेय. दुपारी इथेच होती ती.’’

‘‘चुकलं माझं, अक्का.’’

कात्री थांबली नाही. ‘‘मला कशाला सांगता? माझ्या दारात तुम्ही काही केलेलं नाही. जिथे सही केलीत तिथे जाऊन सांगा.’’

‘‘आता त्याचा काय उपयोग?’’

‘‘उपयोग बघून हात चालवणारे तुम्ही कधीपासून झालात? तेव्हा बघितला असतात, तर पहिलीच ऑर्डर आखडू दिली असतीत, आणि आज आपण दोघं टेबलावर असतो.’’ मग जरा वेळाने, दोरा दाताने तोडत, ‘‘पाणी प्या. गरम होईल.’’

मामांना पुढे अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘अर्ज लिहून दे. जे झालं तसंच लिही. तुझं नाव साक्षीदार म्हणून घालू?’’

‘‘घाला,’’ मी म्हणालो. माझी निवृत्ती सहा आठवड्यांवर आली होती. तेव्हा फार मोठं धाडस केलं, असं कुणी समजू नये.

अर्ज घेऊन ते वर गेले. तिथे टिकटिक नव्हता. त्या आठवड्यातच त्याला बढती मिळून तो मुख्य कचेरीत गेला होता. भिंतीवर प्रशस्तिपत्रकाच्या जागी चौकोनी उजळ डाग होता. नव्या मॅनेजरने मामांना बसायला सांगितलं आणि पाच ओळी वाचल्या.

‘‘काका, तुम्ही कुठल्या खात्यात?’’

‘‘पॅकिंग.’’

‘‘मग कटिंगमध्ये काय झालं, ते तुम्हाला कसं माहीत?’’

‘‘मी कटर होतो. एकतीस वर्षं.’’

त्याने संगणकात पाहिलं. ‘‘इथे पॅकिंगच दिसतंय. आणि मागे एक निष्काळजीपणाची नोंद आहे. खाली सही... ही तुमचीच ना?’’

‘‘हो,’’ मामा म्हणाले.

‘‘बरं. ठेवून जा. बघतो मी.’’ अर्ज समोरच्या ट्रेमध्ये गेला. त्या ट्रेमध्ये बरेच कागद होते.

मामा जिना उतरून पॅकिंगमध्ये आले. मी दारातच उभा होतो. त्यांनी काय झालं ते चार शब्दांत सांगितलं आणि कामाला लागले. समोरची पेटी अर्धी भरलेली होती. वरचा टी-शर्ट घेताना त्यांनी खांद्याची शिवण अंगठ्याने दाबून पाहिली, कापड दोन बोटांत धरून जरासं ओढलं, सोडलं. ते कसं मागे आलं ते पाहिलं. दुसरा घेतला, तिसरा घेतला.

‘‘न निजवलेलं?’’ मी विचारलं.

त्यांनी ‘हो’ अशी मान हलवली. मग बारा नग पुरे केले, झाकण मिटलं, चिकटपट्टी ओढून दाताने तोडली आणि पेटी पुढच्या माणसाकडे सरकवली.